जावयाची गाडी

विदेशी गाडी ऐन घाटात दगा देते, याविषयी एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षं काढलेल्या रंगराव थोरातांना तिळमात्र शंका नव्हती. लेकीला बाळंतपणासाठी कराडला आणायला ते आपली देशी गाडी घेऊन चिपळूणला गेले. पण जावई म्हणाला, “मामा, ती माझ्याच गाडीतून येईल. तिच्यात धक्के बसत नाहीत.”

रंगराव आपल्या गाडीत बसले आणि घाट लागताच जावयाच्या त्या विदेशी गाडीच्या मागे चिकटून राहिले. ती जरा हळू झाली की ते काच खाली करून तिच्या इंजिनाचा आवाज ऐकायचे. सातव्या महिन्यातली लेक इथे अडकली तर?

अर्ध्या चढावर रंगरावांच्याच गाडीतून भसाभसा वाफ निघाली आणि ती बंद पडली. पुढची गाडी वळणाआड दिसेनाशी झाली, आणि पाच मिनिटांत परत आली.

आता जावई टोमणा मारणार, म्हणून रंगरावांनी तोंड फिरवलं. त्याने मात्र निमूट दार उघडून त्यांना लेकीशेजारी बसवलं.

“मी अडकलोय हे कळलं कसं तुम्हाला?”

“सारखा आरशात बघत होतो ना, मामा,” जावई म्हणाला. “तुमच्या देशी गाडीवर माझा कुठे भरवसा होता?”