बावीस जणांचा फोटो

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भिलाईत भट्टीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याचा एक काठ ढासळला. साल सत्तावन्न. दुपारी एकपर्यंत तीन जण बाहेर काढले. तिघेही गेलेले होते.

मुकादम म्हणाला, गँग बावीस जणांची. एकोणीस वर उभे, तीन हे. आकडा जुळला. उरलेला काठही तडकत होता. शेजारचं बांधकाम वाचवायला चार वाजता खड्ड्यात मुरूम टाकायचं ठरलं.

"तेवीस होते," मैनाबाई म्हणाली. "माहा माणूस खालीच हाय."

"नाव सांग त्याचं," इंजिनियर बाबाराव म्हणाले.

तिने पदर ओढला. नवऱ्याचं नाव तिने आजवर घेतलं नव्हतं. मग ती सगळ्यांदेखत ओरडली, "चिंधू! चिंधू नाव हाय! आजच लागला कामावर!"

"हजेरीत नाही, साहेब," मुकादम म्हणाला. "नवरा पळाला का या बाया इथं माती उकरायला येतात."

गँगमधले लोक मुकादमाकडे बघत गप्प राहिले. त्यांना उद्याही काम हवं होतं.

मैनाबाई विजयकुमारकडे वळली. कारखाना उभारणाऱ्या माणसांची गोष्ट फोटोंतून सांगण्यासाठी नागपूरच्या एका साप्ताहिकाने त्याला पाठवलं होतं. महिनाभर तो मजुरांत वावरत होता, त्यांच्या चुलीवरचा चहा पीत होता.

"दादा, सकाळी तुम्ही साऱ्यांचा फोटो काढला ना? त्यात असन तो. साहेबाले दाखवा ना."

विजयकुमारचा चेहरा उतरला होता. तिन्ही प्रेतं त्याच्यासमोर वर आली, पण त्याने कॅमेरा उचलला नव्हता.

"फिल्म धुवायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"किती?"

"तीन तास तरी."

"दोन तासांत आणा," बाबाराव म्हणाले. "तेवीस डोकी निघाली तर मी काम थांबवतो. मग वरून कोणाचाही फोन येऊ दे."

मैनाबाई विजयकुमारच्या खोलीच्या दाराशी बसून राहिली. आत पाण्याचा आवाज झाला, की उठून उभी राहायची.

सव्वातीनला त्याने ओला फोटो बाबारावांच्या हातात दिला. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने डोकी मोजली. पुन्हा मोजली.

"बावीस."

मैनाबाईने फोटो ओढून घेतला. तिने डोकी मोजली नाहीत. ती एकेका तोंडावर बोट ठेवत गेली आणि पुढच्या ओळीत थांबली. तिथे एक माणूस मावेल एवढी फट होती.

"इथं जागा कावून सोडली?"

बाबारावांनी विजयकुमारकडे पाहिलं. "कोणी होतं का तिथे? नीट आठवा. अजून वेळ आहे."

"नाही साहेब. ते तसेच उभे राहिले."

"उंच हाय तो, दादा. तुम्ही पाह्यला असन."

"नाही पाहिला, बाई."

चार वाजता पहिला डंपर रिकामा झाला. मैनाबाईला दोघींनी धरून ठेवलं होतं. सहापर्यंत खड्डा निम्मा भरला.

सकाळी सव्वादहाला त्या फटीत चिंधू उभा होता. त्याची बंडी खांद्यापासून पार फाटलेली होती आणि फोटो मुखपृष्ठावर जायचा होता. विजयकुमारनेच हाताने खूण करून त्याला ओळीतून काढलं होतं. बाजूला, अजून बाजूला, पार काठापर्यंत.