दोन तिरफळं कमी

"मीठ मी एकदा घातलं की दोनदा?" सुचित्राने विचारलं.

"मला काय माहीत? मी वाऱ्याकडे तोंड करून उभा होतो," नाकावर बांधलेल्या रुमालाआडून गिरीश म्हणाला.

आखातातल्या अल रुवैसच्या बंदरावर मासळी महोत्सवाची नुसती जत्रा फुलली होती. ढोल वाजत होते, निखाऱ्यांवर हामूर मासा चरचरत होता, आणि युसुफ नावाचा निवेदक माईक तोंडात घातल्यासारखा धरून दर मिनिटाला घाई करत ओरडत होता, "यल्ला, यल्ला! टेन मिनिट्स!" पाककलेच्या स्पर्धेला चौदा टेबलं मांडली होती. टेबलाशी स्पर्धक एक, घरचा मदतनीस एक. दोरीच्या आत तिसऱ्याला मज्जाव.

सुचित्रा वेंगुर्ल्याची. तिच्या पातेल्यात बांगड्याचं तिखलं रटरटत होतं: वाटलेलं ओलं खोबरं, मिरची, आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं. हे तर तिच्या डाव्या हातचा मळ. पण आज चाखायचं कुणी? महिन्यापूर्वी फॉर्म भरताना तिने वार बघितला होता. शुक्रवार, मासळीचा वार, उत्तम. तिथी बघायची राहिली. आज सकाळी कॅलेंडरकडे नजर गेली. संकष्टी! शाळेत असल्यापासून न मोडलेली. रांधायला हरकत नाही, असा कौल तिने स्वतःच स्वतःला देऊन टाकला. जिभेला मात्र थेंबही लावायचा नाही.

राहता राहिला मदतनीस, म्हणजे नवरा. आणि तो पुण्याचा, वरण-भातावर पोसलेला. लग्न ठरताना सासूबाईंनी एकच अट घातली होती, घरात मासे शिजणार नाहीत. बारा वर्षं ती पाळली गेली. अल दुहैलच्या त्यांच्या घरात बांगड्याचा काटासुद्धा शिरला नव्हता. सुचित्रा तिखलं करायची ती दर बुधवारी, अल मन्सूराला, विजयालक्ष्मीच्या स्वयंपाकघरात. विजयालक्ष्मी मंगळुरूची. मासे खायला वाघ, पण कापायचे म्हटलं की शेळी. तिचा नवरा अरुणकुमार गिरीशच्याच ऑफिसात होता. बायको मैत्रिणीकडे मासे खायला जाते, एवढंच गिरीशला ठाऊक. रांधतं कोण, हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. निघताना ती लिंबाने हात घासायची, तरी परत येताना तो गाडीची काच खाली करायचा.

सोडायला मात्र न चुकता यायचा. एका बुधवारी तिचं डोकं दुखत होतं, तर याने कपाळाला बाम चोळला आणि म्हणाला, "जाऊन ये, बरं वाटेल." नवरा गुणाचा होता, यात वाद नव्हता. तिला एकच गोष्ट सलायची. तिच्या हातचं जे सगळ्यात चांगलं, ते या माणसाने कधी खाल्लंच नव्हतं. म्हणून तर हा स्पर्धेचा हट्ट. घरचा म्हणत नाही, तर निदान परक्याने तरी एकदा 'वा' म्हणावं.

"फाइव्ह मिनिट्स! यल्ला!"

"गिरीश, एक थेंब," तिने पळी पुढे केली. "माझ्यासाठी."

गिरीशने रुमाल खाली ओढला. डोळे मिटले. मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागितली आणि पळीला तोंड लावून भुरका मारला. मग दुसरा मारला. मग पळी तिच्या हातातून काढून घेऊन तिसरा मारला आणि पळीच्या कडेवरून बोट फिरवून ते चाटलं.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. "तिरफळं दोन कमी पडलीत. आणि आमसूल अजून वरवरच लागतंय. हे रात्रभर मुरलं ना, की मग..."

त्याने जीभ चावली.

सुचित्राच्या हातातलं झाकण खाली पडलं. "रात्रभर मुरल्यावर कसं लागतं, ते तुला रे काय ठाऊक?"

"चिडू नकोस," गिरीश कानापर्यंत लाल झाला. "तो अरुणकुमार. दर गुरुवारी त्याच्या डब्यात हेच असतं. आधी नुसता रस घ्यायचो, भातावर. मग एकदा तुकडा घेतला. चार वर्षं झाली. आईला सांगू नकोस." त्याने आवाज आणखी खाली आणला. "अरुणकुमारच्या बायकोचंच बघून शिकलीस ना? जमलंय हं, पुष्कळ जमलंय. पण विजयालक्ष्मीच्या हातचं ते विजयालक्ष्मीच्या हातचं. चार वर्षं खातोय, पण त्या बाईला साधं थँक्यू म्हणायचं धाडस झालं नाही मला."

सुचित्रा जी हसत सुटली, ती पोट धरून खालीच बसली. "मॅडम ओके?" युसुफने माईकवरून विचारलं. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या विजयालक्ष्मीला काही ऐकू गेलं नव्हतं, तरी तीही हसायला लागली. परीक्षक अजून दोन टेबलं लांब होते. त्यांचं बक्षीस त्यांनी हवं त्याला द्यावं. सुचित्राला इतका आनंद झाला होता की ती स्पर्धा विसरूनच गेली होती.

डोळे पुसत ती उठली. दोन तिरफळं ठेचून पातेल्यात टाकली आणि वर झाकण ठेवलं. मग मासळीचा घमघमाट सुटलेला आपला उजवा हात, लिंबू न लावता, तिने थेट गिरीशच्या नाकापुढे धरला.

"म्हण थँक्यू," ती म्हणाली. "हाच तो हात."