तुटलेला पारा

१९३८ साली बारामतीच्या डॉक्टर आगाश्यांच्या घरी रॉकेलवर चालणारं थंड कपाट होतं; घटसर्पावरचं औषध ते त्यातच ठेवत. घटसर्पानं घुसमटलेल्या लेकीला घेऊन कोऱ्हाळ्याची फुलाबाई आली, तेव्हा कपाटातल्या तापमापकाचा पारा भलताच चढलेला दिसला.

"औषध उष्णतेनं नासलं," म्हणत डॉक्टरांनी बाटली फेकायला काढली.

स्वयंपाकाच्या छबूबाई म्हणाल्या, "नासंल कसं? बाटलीशेजारचं लोणी तर घट्ट हाय."

डॉक्टरांनी तापमापक उजेडात धरला. नळीतला पारा मधेच तुटून वर अडकला होता. कपाट गारच होतं. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं.

पंधरा दिवसांनी फुलाबाई बऱ्या झालेल्या लेकीला घेऊन आली आणि डॉक्टरांच्या पायाशी वाकली. ते मागं सरले.

"बाई, पाया पडायचं तर छबूबाईंच्या पडा. मी तर औषध फेकून देत होतो."