एकच शिवी

“छान बसलीये कॉलर,” मास्तर म्हणाले, आणि तिने कॉलर पुन्हा उलटीपालटी करून पाहिली.

शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी पाय थांबवला. तिच्याकडे एकदा बघितलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. त्यांनाही कळलं होतं. त्या शिलाईखात्यात हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नव्हतं. ज्या बाईला ठेवून घ्यायचं, तिचा मास्तर उभा-आडवा उद्धार करत. ‘हात आहेत का खुरं?’ ही तर नुसती सुरुवात. आणि जिला काढायचं ठरे, तिच्याशी एकदम गोड बोलू लागत. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. वाईट बातमी द्यायची म्हणून आधी साखर पेरून ठेवायचा. मावशी इतकी वर्षं शिव्या खाऊनच तिथे टिकल्या होत्या.

तिचं प्रोबेशन शनिवारी संपत होतं. जागा एक आणि तिच्यावर डोळा दोघींचा, हिचा आणि कोपऱ्यातल्या चष्मेवालीचा. जी कायम होईल तिला कारखान्यामागची खोली मिळणार होती. खोली मिळाली की लेकीला भावाकडून आणायचं, बाकी काही तिच्या डोक्यात नव्हतं. पोरीला ठेवून घेताना वहिनीने स्पष्ट सांगितलं होतं, “शनिवारपर्यंतच हं, वन्सं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” आणि बघायला जड जाऊ नये म्हणून कुठल्याशा अनाथाश्रमाची चौकशीही करून ठेवली होती.

गेल्या आठवड्यापर्यंत मास्तर तिलाही ऊठसूट बोलायचे. झोपताना ती एकेक शिवी आठवून खूश व्हायची. मग त्यांचं तोंड अचानक बंद झालं. आणि आज हे ‘छान’.

तिने पुढचा कोट ओढला आणि उजवी बाही डाव्या खांद्याला लावली. नवशिकीही करणार नाही अशी चूक. मावशी चपापल्या.

“अगं, काय करतेस हे?”

“असू द्या, मावशी.”

तिने वरून दुसरी शिलाईही मारली आणि कोट स्वतःच मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मास्तरांनी बाही पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. आता फुटणार तोंड, असं तिला वाटलं आणि केवढा तरी धीर आला.

“दमली असशील,” ते म्हणाले. खिशातून छोटी कातर काढून ते स्वतःच टाके उसवू लागले.

“मास्तर, बाही उलटी लावलीये मी.”

“होतं कधीकधी.”

“अख्खा कोट वाया गेला असता. रागवा ना मला.”

“कशाला रागवू? तुझा हात चांगला आहे. कुठंही काम मिळेल तुला.”

“कुठंही नको, मास्तर. एकच शिवी द्या. पाया पडते तुमच्या.”

कातर थांबली. मास्तरांनी मान वर केली नाही. उसवलेले दोरे टेबलावरून फुंकले, बाहीची नीट घडी घातली आणि कोटासकट तिच्या हातात दिली.

“जा. सावकाश कर, घाई नाही.”

ती जागेवर येऊन बसली. सुईत दोरा जाईना. शनिवारी लेक वाट बघत दारात उभी राहील, तिला काय सांगायचं? मावशींनी न विचारता तिची सुई ओवून दिली आणि पुन्हा आपल्या कामात डोकं घातलं. तिला रडूसुद्धा येईना.

मास्तर उठून कोपऱ्यात गेले. चष्मेवालीच्या हातातलं कापड त्यांनी हिसकावून घेतलं आणि सगळं खातं दणाणून सोडलं. “डोळ्यांवर काचा कशाला लावल्यात गं, शोभेला? हे काज आहे की उंदराचं बीळ? अक्कल काय गहाण टाकून येतेस रोज?”

सगळी मशीनं थांबली. चष्मेवालीने मान खाली घातली आणि हसू बाहेर फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.