लिवोर्नोच्या धक्क्यावर

परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाल्यापासून एफिझियो खोलीबाहेर पडतच नव्हता. शेवटी दुच्चो आणि ओर्नेल्ला या वर्गमित्रांनी त्याला पिसाहून लिवोर्नोला फिरायला नेलं. दिवसभर तो कालव्यांच्या काठाने त्यांच्या मागून पाय ओढत चालला. संध्याकाळी तिघं बंदरावर आले. सार्डिनिया बेटाकडे जाणारी रात्रीची बोट सुटायला आली होती.

"चला ना परत. दमलोय मी," तो म्हणाला.

ओर्नेल्लाने त्याच्या हातात बोटीचं तिकीट ठेवलं. "घरी जा. तुझ्या आईला फोन केलाय मी. सकाळी ती न्यायला येईल."

त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. मग बोटीत चढता चढता त्याने वळून विचारलं, "नापास झाल्याचं सांगितलंस तिला?"

"तिला ठाऊकच होतं. म्हणाली, हल्ली फोनवर फार हसतो तो."