पदवीची अंडी

आमच्या रोसारियो शहरात शेवटची परीक्षा पास झालं, की विद्यापीठाच्या दारातच घरचे आणि मित्र अंगावर अंडी फोडतात. मी इंजिनिअर झालो तेव्हा आई आणि दोन मित्र, एवढेच आले होते.

धाकटी हिमेना साहित्य शिकली.

"गोष्टी वाचून मिळतं काय गं?" मी चिडवायचो.

"माणसं कळतात, दादा."

आज तिच्यासाठी अख्खी गल्ली लोटली. माझ्या वेळी रजा न मिळालेले बाबा दोन दिवस अंडी जमवत होते. तेव्हापासूनच माझा जळफळाट चालला होता. गर्दीमागे लपून मी घरून खास आणलेलं अंडं तिच्या पाठीत हाणलं. ते फुटलंच नाही.



तिने ते उचललं आणि मागे वळूनही न बघता, सोलत सोलत ओरडली, "दादा, मीठ आणलंयस का?"