भुंडे हात

निवडणूक जिंकली तसं जगदेव सरपंचानं गावात क्रांती झाल्याचं जाहीर केलं. आता गाव धर्मानं चालणार होतं. बायांनी चारचौघांत बोलायचं नाही आणि देवीच्या यात्रेत परधर्माच्या माणसानं दुकान लावायचं नाही, असं ठरलं. दरवर्षी रिसोडहून बांगड्या भरायला येणाऱ्या म्हाताऱ्या गफूरमामूला पोरांनी वेशीवरूनच परत पाठवलं.

यात्रेच्या सकाळी देवीची ओटी भरायला सवाष्णी आल्या, तेव्हा एकीच्याही हातात बांगडी नव्हती. सगळ्यांत पुढं सरपंचाची बायको, गोजरा.

जगदेव धावतच तिच्याजवळ आला. "अवं, मी जित्ता हाव ना अजून! बांगड्या काहून काढल्या?"

"गफूरमामूनं भरल्या होत्या. तुमाले त्याचा हात चालत नाई, मंग त्याच्या हातच्या बांगड्या कशा चालतीन?"

"अवं, पन लोक इचारतीन ना, गावात कोन मेलं म्हनून!"

गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमाले तं चारचौघांत बोलाची बंदी हाय. तुमीच सांगा त्यायले, कोन मेलं ते."